घट्टूच्या चाळीस चाली

खोलीत खुर्च्या नऊ होत्या आणि माणसं अकरा. टेबलावर दोन टॅब्लेट, एक स्टॉपवॉच, भिंतीला एक फळा. मांडणीच्या वरच्या तीन खणांत प्लास्टरचे अठ्ठेचाळीस राक्षस दाटीवाटीने उभे होते आणि सगळ्यात खालच्या खणात सतरा कवळ्या, सोमवारी दवाखान्यांत पोचवायच्या, ओळीने हसत होत्या. वहिनींनी हे सगळं खुर्चीत बसण्याआधीच मोजून टाकलं होतं. वजनमाप कार्यालयात एकोणीस वर्षं दुकानोदुकानचे काटे तपासल्यावर माणूस कुठेही गेला तरी आधी मोजतो.

"वहिनी, खुर्च्या मोजून झाल्या असतील तर बसा," बेकरीवाला म्हणाला. फळ्यावर चाली मांडायचं आणि स्टॉपवॉच धरायचं काम त्याच्याकडे होतं. "नाहीतर आम्ही उभ्याउभ्या म्हातारे होऊ."

"तुम्ही बसूनही होणारच आहात," वहिनी म्हणाल्या आणि बसल्या.

समोर त्यांची नणंद बसली होती. ती अँब्युलन्स चालवायची, म्हणून मंडळात तिचं नाव सायरन. वहिनींना वहिनी म्हणणारी खरी तीच. बाकीच्यांनी तिचं ऐकून उचललं होतं.

मंडळ एका खेळाचं होतं. राक्षस पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे असे जे मोठ्या कंपन्यांचे खेळ असतात, त्यांच्या नादाने वाया गेलेल्या (हा शब्द बेकरीवाल्याच्या बायकोचा) माणसांनी हौसेखातर बनवलेला हा फॅन गेम. बनवणारा मुख्य माणूस म्हणजे कवळीशेठ. पोटापाण्यासाठी दात करायचा आणि उरलेल्या प्लास्टरमधून राक्षस. आधी हाताने घडवायचा, मग पडद्यावर आणायचा. दर रविवारी दुपारी त्याच्याच कारखान्याच्या मागच्या खोलीत सामने व्हायचे.

खेळ साधा होता. प्रत्येकाकडे सहा राक्षस. एका वेळी एकासमोर एक. प्रत्येक चालीत दोघांनी एकेक डाव निवडायचा. ज्याची ताकद शून्यावर येईल तो पडला. सहाही पडले की हार. आता हे सहा कसे वापरायचे, यावरून मंडळाचे दोन तट होते. नऊजण सायरनच्या बाजूचे: वेगवान, तिखट राक्षस घ्या, समोरचा सावध व्हायच्या आत त्याला लोळवा. एकट्या वहिनी दुसऱ्या बाजूला. त्यांचे राक्षस मंद, जाड सालीचे. समोरच्याला एकदा विषकाटा टोचायचा, मग ढाल धरायची, मलम लावायचं, परत ढाल धरायची. विष आपलं काम करत राहतं. कवळीशेठ कुंपणावर.

पण कुंपणावरच्या माणसाचीही सहनशक्ती संपते. "वहिनींचा एक सामना म्हणजे माझ्या दोन कवळ्या वाळून होतात," असं त्याने मागच्या महिन्यात जाहीर केलं आणि पुढच्या आवृत्तीतून ढाल आणि मलम काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. नऊ हात वर गेले. वहिनींनी एवढंच विचारलं, "रटाळ होतं म्हणून ना? चाळीस चालींत जिंकून दाखवलं तर?"

कवळीशेठने क्षणभर विचार केला. "चाळीस चालींत, सायरनविरुद्ध? तर राहील."

हा तो सामना.

वहिनींचा सहावा राक्षस कासवासारखा होता. त्याला चारच डाव यायचे: ढाल, मलम, विषकाटा आणि एक मिळमिळीत चावा. ढाल आणि मलम गेलं की तो मांडणीवरचं प्लास्टर. त्याचं नाव घट्टू. नाव सासूबाईंनी ठेवलेलं. त्या अकरा महिने अंथरुणात होत्या आणि वहिनी कामावरून येऊन त्यांच्या उशाशी बसायच्या, एका हाताने त्यांचे पाय चेपत, दुसऱ्या हाताने खेळत. सासूबाईंना खेळातलं काही कळायचं नाही, पण कासव टिकलं की त्यांना बरं वाटायचं. "घट्ट आहे गं हा," म्हणायच्या. "पडला का आज?" "नाही, आई." "मग झालं तर."

त्या गेल्याला दोन वर्षं झाली होती.

"सुरू," बेकरीवाल्याने स्टॉपवॉच दाबलं.

सायरनने पहिल्या तीन चालींत वहिनींचा पहिला राक्षस उडवला. खोलीत आनंदाची लाट गेली. सातव्या चालीला दुसरा गेला, पण जाताना सायरनच्या बिनीच्या शिलेदाराला विष टोचून गेला आणि तो नवव्या चालीत आपसूक आडवा झाला.

"हे म्हणजे पाठीत खुपसणं आहे," सायरन म्हणाली.

"पोटात खुपसलंय. नीट बघ."

"वहिनी, माझ्या गाडीत पेशंट असतो तेव्हा मी ढाल धरून बसले तर चालेल का? गाडी दामटावीच लागते."

"दामट की. पोचल्यावर पुढे त्याच्याजवळ कोण बसतं?"

सायरनने पुढचा डाव जरा जोरात दाबला.

बाराव्या चालीला तीनास तीन पडलेले. पंधराव्या चालीला वहिनींनी ढाल धरली, सायरनने ते ओळखून आपला नवा राक्षस नुसता पवित्र्यात उभा केला आणि सोळाव्याला दुप्पट जोराने घाव घातला. "आई गं," कोणीतरी कळवळलं. उभे असलेले दोघे टेबलाजवळ सरकले, मग बसलेलेही उठले, आणि खुर्च्या कमी पडायचा प्रश्न मिटला. कवळीशेठ हातातली पटाशी विसरून तशीच धरून उभा होता. चोविसाव्या चालीत दोघींचा पाचवा एकदमच पडला आणि बेकरीवाल्याचा खडू मोडला.

पंचविसाव्या चालीला समोरासमोर आले घट्टू आणि वणवा.

वणवा हा सायरनचा लाडका; मागच्याच आठवड्यात तो वाढून तीनशे ताकदीचा झाला होता. त्याला मलम येत नव्हतं, ढाल येत नव्हती, फक्त पेटायचं येत होतं. त्याने पहिल्याच फटक्यात घट्टूला दोनशे चाळीसवरून एकशे बावन्नवर आणलं. पण त्याच चालीत घट्टूने विषकाटा टोचला. पडद्यावर वणव्याच्या पायाशी जांभळा ठिपका आला.

वहिनींच्या डोक्यात आकडे सरसर उभे राहिले. विष दर चालीच्या शेवटी एकूण ताकदीचा सोळावा भाग खातं. तीनशेचा सोळावा भाग पावणेएकोणीस. सोळा चालींत तीनशे पुरते. आणि पंचवीसपासून चाळीसपर्यंत, दोन्ही टोकं धरून, चाली किती? सोळा.

त्यांच्या कानशिलांत ठोके पडायला लागले. एकही चाल जास्त नाही, एकही कमी नाही. घट्टूने फक्त उभं राहायचं होतं.

ढाल लागोपाठ दोनदा धरता येत नाही. म्हणून एक चाल ढाल, एक चाल मलम. ढालीच्या चालीत वणव्याचा जाळ सालीवरून घसरून जायचा. मलमाच्या चालीत तो ऐंशीच्या आसपास पोळायचा आणि मलम ऐंशी भरून काढायचं. वणव्याच्या ताकदीचा आकडा सायरनच्याच टॅब्लेटवर दिसे. वहिनींना दिसायची ती फक्त पट्टी, थोडी थोडी आखडत जाणारी.

"अठ्ठावीस," बेकरीवाला ओरडला. "ढाल."

"परत ढाल," सायरन म्हणाली. "अगं बाई, एकदा तरी माझ्या अंगावर ये."

"मी कशाला येऊ? तूच येतेयस की."

"एकतीस. मलम."

तेहतिसाव्या चालीला वणव्याचा घाव वर्मी बसला, दीडपट. असं सोळात एकदा होतं. घट्टू एकशे छप्पन्नवरून छत्तीसवर आला. मग मलमाचे ऐंशी चढले. एकशे सोळा. जे नऊजण वहिनींच्या विरुद्ध हात वर करून बसले होते, त्यांतल्या निदान चौघांच्या तोंडून "हुश्श" निघालं. निघाल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही कुणाच्या बाजूने आहात रे?" सायरनने विचारलं.

"कासवाच्या," बेकरीवाला म्हणाला. "छत्तीस. ढाल."

सदतीस, मलम. अडतीस, ढाल. वणव्याची पट्टी आता नखाएवढी. एकोणचाळीस, मलम. घट्टू एकशे चार.

"चाळीस," बेकरीवाल्याचा आवाज फाटला.

वहिनींनी ढाल दाबली. सायरनने होतं नव्हतं ते सगळं पेटवलं. जाळाने पडदा भरून गेला, ओसरला, आणि मागे कासव तसंच्या तसं. मग जांभळा ठिपका चमकला. वणवा गुडघ्यांवर आला, विझला आणि पडला.

पुढचं अर्धं मिनिट कोण काय बोललं ते कुणालाच सांगता आलं नसतं. मांडणीतला एक राक्षस धक्क्याने खाली आला आणि त्याचं शिंग गेलं तरी कवळीशेठ टाळ्या वाजवत होता. सायरन टेबलाला वळसा घालून आली आणि तिने वहिनींना मागून घट्ट मिठी मारली. तिचा चेहरा वहिनींच्या खांद्यात होता. "आई असती तर म्हणाली असती," ती हळूच म्हणाली, "पडला का आज?"

"नाही म्हणून सांगितलं असतं," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून वही काढली. प्रत्येक सामन्यानंतर त्या दोन्ही बाजूंचे आकडे उतरवून घ्यायच्या. कामावरही त्यांची तीच रीत: नोंद पुरी झाल्याशिवाय काट्यावर शिक्का नाही.

"वणव्याचे सांग गं. पंचविसाव्यापासून."

सायरनने टॅब्लेट ओढला आणि डोळे पुसत वाचू लागली. "तीनशे. दोनशे एक्क्याऐंशी. दोनशे बासष्ट. दोनशे त्रेचाळीस..."

वहिनींची पेन्सिल थांबली. "परत सांग."

"दोनशे एक्क्याऐंशी."

म्हणजे एकोणीस. दर चालीला एकोणीस.

नियमांची वही भिंतीला टांगलेली होती. त्यातला विषाचा नियम तीन वर्षांपूर्वी वहिनींनीच सांगून लिहवला होता: सोळावा भाग, आणि अपूर्णांक आला तर तो सोडून द्यायचा. शंकेचा फायदा समोरच्याला. काटे तपासताना हेच करतात. पावणेएकोणीसचे अठराच व्हायला हवेत. मघाशी, कानशिलं ठणकत असताना, त्या स्वतःच पाऊण धरून बसल्या होत्या.

"कवळीशेठ, नवीन टॅब्लेटसाठी खेळ परत लिहिलात ना तुम्ही? गेल्या महिन्यात?"

"हो. का?"

"विष जवळच्या पूर्ण आकड्याला नेतंय. खाली सोडत नाहीये."

कवळीशेठचा चेहरा हळूहळू बदलला. "पण मग इतके दिवस कुणाला कसं..."

"बाकी सगळ्यांच्या ताकदीला सोळाने भाग जातो. एकशे साठ, दोनशे चाळीस, तीनशे वीस. तीनशेचा हा पहिलाच." वहिनींना एका किराणा दुकानाचा काटा आठवला. पारडं वाकलेलं आणि वजन झिजलेलं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि सुई बरोबर मध्यावर उभी होती. "मीही चुकले, खेळही चुकला. म्हणून जुळलं."

"वहिनी," सायरन म्हणाली, "गप्प बस. हरलेय मी. माझी तक्रार नाही."

"गिऱ्हाइकाची तक्रार नाही म्हणून काटा बरोबर ठरत नाही."

"सोळा गुणिले एक," बेकरीवाला बोटांवर मोजत म्हणाला. "त्यातले चार तीनशेच्या वर गेलेच होते. म्हणजे फरक बारा? वहिनी, बारांनी काय आभाळ कोसळतंय?"

"बारा ग्रॅमसाठी मी एकाचं दुकान दोन दिवस बंद ठेवलंय," वहिनी म्हणाल्या. "तो रडला होता."

सायरनने खुर्ची ओढली आणि वहिनींच्या अगदी शेजारी बसली, आपल्या जागी न जाता.

"चालवून बघू या का?" वहिनींनी विचारलं. खेळ प्रत्येक सामन्याच्या चाली आणि फटक्यांचे आकडे जपून ठेवायचा. दुरुस्ती करून तोच सामना जसाच्या तसा परत चालवता येत होता.

कवळीशेठने खाली बसून एक शब्द बदलला. सतरा कवळ्यांसमोर अकरा माणसांनी पुन्हा तोच सामना पाहिला. बेकरीवाल्याने फळा पुसून पुन्हा खडूच्या रेघा ओढल्या. तेहतिसाव्या चालीला, पुढे काय होणार ते ठाऊक असूनही, कोणीतरी परत "हुश्श" म्हणालं. अडतीस, ढाल. एकोणचाळीस, मलम. सायरनचा हात वहिनींच्या मनगटावर होता. जाळाने पडदा भरला, ओसरला. जांभळा ठिपका चमकला.

वहिनींनी पेन्सिलीला टोक केलं आणि वहीत लिहिलं.

चाल चाळीस. घट्टू: एकशे चार. वणवा: बारा.