नॉर्मनचं दार

मी नॉर्मन बोलतोय, मेव्हिसच्या घरचं कासव. आवाज जरा गार वाटला तर दचकू नका, नुकताच फ्रिजमधून बाहेर आलोय.

हसू नका. आमच्या जातीला हिवाळाभर झोपावंच लागतं. ऊब जास्त झाली तर झोपेतच झिजतो, थंडी जास्त झाली तर कायमचे झोपतो. आणि इंग्लंडच्या हवेचा काय भरवसा! म्हणून इथली जाणती माणसं कासवाला खोक्यात घालून एका वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवतात. मात्र रोज एकदा दार उघडून आत हवा जाऊ द्यायची. तेवढं चुकलं की संपलंच.

माझा जन्म उन्हाच्या देशातला. टोपल्यांत भरून आम्हाला बोटीने इकडे आणलं आणि ग्रिम्झबी बंदराच्या बाजारात एका बापाने लेकीच्या वाढदिवसासाठी मला विकत घेतलं. त्या काळी इथे एक रीत होती. कासव हरवू नये म्हणून त्याच्या कवचाच्या कडेला भोक पाडायचं आणि दोरी ओवून खांबाला बांधायचं. "कवचच तर आहे, त्याला काय दुखतंय!" असं तो बाप म्हणाला. दुखलं हो. कवच म्हणजे माझी हाडंच. पण ओरडायला आवाज कुठून आणू?

लेक मोठी झाली, घर विकलं गेलं आणि पडद्यांबरोबर मीही नव्या मंडळींच्या वाट्याला आलो. त्यांनी दोरी सोडली, हे खोटं कशाला बोलू? पण मग मला गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवलं. ऊन नाही, गवत नाही, पुढ्यात दुधात बुडवलेला पाव. चोच वाढून इतकी वाकडी झाली की तोंड मिटेना. माणसं वाईट नव्हती. गॅरेजचं दार लागलं की त्यांच्या लेखी मी नसायचोच, एवढंच.

शेवटी कासवं सांभाळणाऱ्या एका मंडळाने मला तिथून उचललं आणि मेव्हिसच्या हवाली केलं. सत्तरी ओलांडलेली ही बाई जन्मभर बंदरावर मासे कापत होती. "इतक्या जिवांवर सुरी चालवली, आता एकाला तरी जगवू दे," म्हणाली. तिने डॉक्टरकडून माझी चोच घासून घेतली. रोज कोमट पाण्यात बसवलं, कंबर मोडेस्तोवर वाकून अंगणातली कोवळी पानं वेचून आणली. पहिल्या हिवाळ्यात तिने मला झोपू दिलं नाही. "अंगात काही नाही तुझ्या. उठशील कशाच्या जोरावर?" म्हणत दिव्याखाली बसवून ठेवलं. मी चांगला भरलो तेव्हा कुठे दुसऱ्या हिवाळ्यात फ्रिज मिळाला.

तिचा शेजारी सिरिल. बायको गेल्यापासून सकाळचा चहा मेव्हिसकडेच. विसराळू तर असा की चष्मा डोक्यावर आणि हा शोधतोय घरभर.

"काय गं, घरी आणलेल्याला फ्रिजमध्ये ठेवतेस? मग मी आपला दाराजवळच बसतो," असं तो चिडवायचा.

त्याच हिवाळ्यात मेव्हिस बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्सवाले न्यायला आले तरी हिचं आपलं चालूच.

"सिरिल, नॉर्मनचं दार! रोज एकदा."

"अगं हो, आधी स्वतःचं बघ."

"तू विसरशील. चष्मा कुठंय तुझा?"

सिरिलचा हात डोक्याकडे गेला.

"बघ! ते काही नाही. रोजचा चहा इथंच करायचा. आणि दुधाची बाटली नॉर्मनच्या फ्रिजमध्ये ठेव. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत."

हुशार बाई! इथला माणूस एक वेळ देवाला विसरेल, चहातल्या दुधाला नाही.

हे आणि पुढचं मी ऐकीव सांगतोय, कारण मी झोपलो होतो. चार दिवसांत येते म्हणालेल्या मेव्हिसच्या छातीत कफ साठला आणि ती थेट हिवाळा सरताना परतली, वॉकर टेकत. अंगातला कोटही न काढता तिने माझा फ्रिज उघडला. दुधाची बाटली जिथल्या तिथे होती. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं, आतलं दूध फाटून गोळा झालेलं.

तिची पिशवी घेऊन सिरिल मागोमाग आत आला, तशी ती ओरडली.

"सिरिल! मेल्या, दूध तसंच आहे! तू दार उघडलंच नाहीस!"

खोकं मांडीवर घेऊन ती खुर्चीत बसली. झाकण काढायला हात धजेना.

"अगं, ऐक तरी," सिरिल म्हणाला. "दूध मी घरून आणायचो, बरणीतून."

"का?"

"कासवाशेजारचं दूध कोण पिईल!"

त्याने दुसरी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "दार रोज उघडलं, मेव्हिस. लहानपणी आमच्याकडेही होतं एक. आईने पेटीत घालून शेडमध्ये ठेवलं. वसंतात उघडून बघतो तर नुसतं कवच. मधे कुणी डोकावलंच नव्हतं. बाकी सगळं विसरेन गं, हे कसं विसरेन?"

मेव्हिसने झाकण काढलं आणि माझ्या मागच्या पायाला बोट लावलं. मी पाय आत ओढला. एवढं मात्र मला नक्की आठवतं. पाठीवर काहीतरी गरम टपटपलं, आणि अजून कुणी मला आंघोळ घातली नव्हती.

आता मी गवतात आहे. कवचातलं भोक अजून आहे. सिरिल म्हणतो, "भरून घेऊ." मेव्हिस म्हणते, "राहू दे, याने काय सोसलंय ते पुढच्याला कळेल." आणि एक नवीनच रीत पडली आहे. सकाळी चहा ठेवण्याआधी सिरिल तिच्या खोलीचं दार ढकलून विचारतो, "उठलीस का गं?" ती आतून शिव्या घालते. मग तो निवांत किटली लावतो.

डॉक्टर म्हणतात, मी अजून पुष्कळ जगेन. या दोघांचं तसं नाही, हे मलाही कळतं, आणि वाईट वाटतं. म्हणजे कधीतरी मी दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार. ते घर तुमचं असेल तर माझं मागणं फार नाही. दोरी नको, दूध-पाव नको. रोज एकदा दार उघडा आणि मी आहे ना, ते बघून जा.