पाणी न पाहिलेलं बंदर

"याला पाण्यापासून जपा बरं का. ओल लागली की फुगेल."

मित्रांनो, या जगात आल्यावर मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. बोलणारा होता धम्मरत्न, पिंपळे गुरवचा कारागीर. इमारतींच्या आणि पुलांच्या लहानशा प्रतिकृती तो करायचा. मलाही त्यानेच घडवलं. आणि मी कोण म्हणाल, तर मी एक जुनं बंदर आहे. निदान मला तरी तसंच सांगण्यात आलं होतं. पण ज्याला पाण्यापासून जपावं लागतं ते कसलं बंदर, हे कोडं मला त्या दिवशी पडलं ते अजून सुटलेलं नाही.

माझं अंग प्लायवूडचं. डोंगर थर्माकोलचे, त्यांवर हिरव्या रंगात घोळवलेला लाकडाचा भुसा. समुद्र निळ्या रंगाचा, त्यावर चकचकीत व्हार्निश. धक्क्यावर सायकलचे आरे वाकवून केलेल्या क्रेन आहेत आणि काड्यापेटीहून लहान असे रंगीत ठोकळे. ते ठोकळे म्हणजे कंटेनर, माल भरून जहाजावर चढवायचे लोखंडी डबे. एकेका डब्याला रंग देताना धम्मरत्न शीळ घालायचा. जहाज मात्र त्याने एकच केलं, आणि असं पक्कं चिकटवलं की बिचाऱ्याला ना येता येतं, ना जाता.

मग मला टेम्पोत घालून चाकणला आणलं. इथल्या लहानमोठ्या कारखानदारांच्या संघटनेचं एक सभागृह आहे, तिथे खिडकीखाली मला जागा मिळाली. संघटनेचे अध्यक्ष दौलतराव; मला करवून घेतलं ते त्यांनीच. जुन्या गावकीतला माणूस, वडिलांच्या रानात स्वतःचा मोठा कारखाना उभा केलेला. पाहुणे आले की ते माझ्यावरचं कापड काढायचे आणि वेताची छडी माझ्यावर फिरवत सांगायला लागायचे.

"हे बघा राव, आपला समदा माल एकाच घाटातनं उतरतो आन् एकाच मोठ्या बंदराच्या दारात रांग लावतो. ट्रक रांगेत अडकला की जहाज चुकलं. जहाज चुकलं की परदेशातलं गिऱ्हाईक तोंड फिरवतं. आता हे कोकणातलं लहान बंदर बघा. हितं कंटेनर चढवाय-उतरवायचं टर्मिनल झालं, की आपल्याला दुसरं दार उघडलं. दोन दारं असली की कुनाची मिजास राहत न्हाई."

ऐकणारे माना डोलवायचे. माझी छाती अभिमानाने भरून यायची. मग कुणीतरी हळूच विचारायचं, "पण तिथं जहाजं येतील का?" आणि माझ्या डोक्यात गरगर सुरू व्हायची. जहाजवाले म्हणत, माल नेमाने मिळाला तर येऊ. कारखानदार म्हणत, जहाज नेमाने आलं तर माल देऊ. पैसा लावणारे म्हणत, दोघं येणार असतील तर बांधू. पोरींनी फेर धरावा तसं ते बोलणं फिरायचं.

बंदर म्हणे, जहाज दे,
जहाज म्हणे, माल दे,
माल म्हणे, वाट दे,
वाट म्हणे, बंदर दे.

या फेरात पहिलं पाऊल कुणी टाकायचं, मला कधी कळलंच नाही.

आणखी एक गोष्ट कळत नव्हती. कधी कधी सभागृहात ट्रकवाहतुकीचे ठेकेदार यायचे. त्या दिवशी दौलतराव स्वतः फडकं घेऊन मला पुसायचे आणि माझं गुणगान जरा जास्तच रंगवून करायचे. मग थोड्याच दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं आणि माझ्यावर पुन्हा कापड पडायचं. बंदर तर कुठेच झालेलं नसायचं. मग हा माणूस खूश कशाने?

पुढे पुढे कापड निघेनासं झालं. माझ्या डोंगरांवर लोक चहाचे कप ठेवू लागले. सांडलेल्या साखरेमागे मुंग्या आल्या आणि माझा समुद्र पायी ओलांडून गेल्या.

गेल्या सोमवारी दुपारी मात्र कापड निघालं. टर्मिनल बांधू पाहणाऱ्या कंपनीचा सिद्धेश नावाचा माणूस आला होता. तो म्हणाला, "बांधायला आम्ही तयार आहोत. पुढच्या महिन्यापासून तिथल्या जुन्याच धक्क्यावरून आठवड्याला एक जहाज चालवून बघू. भरलं, तर टर्मिनल. रिकामं गेलं, तर विषय संपला. सांगा, पहिल्या जहाजात माल कुणाचा?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. शेवटी गणराज नावाचे एक कारखानदार बोलले, "साहेब, जहाज तर येऊ द्या आधी. नवरी बघितल्याबिगर मांडव कोण घालतं?"

सगळे हसले. मागच्या खुर्चीतली स्वरूपा हसली नाही. तळवड्यात तिचं छोटं वर्कशॉप आहे, पंपाचे सुटे भाग करायचं. मोठ्या बंदरावरच्या रांगेपायी तिच्या मालाचं जहाज दोनदा चुकलं होतं. आता पुन्हा उशीर झाला तर ऑर्डर दुसऱ्याला देऊ, असं तिच्या गिऱ्हाइकाने बजावलं होतं. हे सभागृहात सर्वांना ठाऊक होतं.

"गणराजभाऊ, तुमचा मांडव उभा होईपर्यंत माझ्या शटरला कुलूप लागेल," ती म्हणाली. "साहेब, माझं नाव घ्या. पहिल्या जहाजात माझा माल. अर्धा डबा."

सिद्धेश अवघडला. "ताई, अर्ध्या डब्यासाठी जहाज येत नाही हो. कुणीतरी मोठा माणूस पुढे हवा."

सगळ्यांच्या नजरा दौलतरावांकडे वळल्या. सर्वांत जास्त माल त्यांचाच.

"काका," स्वरूपा म्हणाली, "तुम्ही हो म्हणा. तुमचे डबे पुढे निघाले की हे सगळे मागनं येतील. इतकी वर्षं तुम्हीच तर आम्हाला सांगत आलात."

दौलतरावांनी छडी माझ्या समुद्रावर टेकवली. इतकी जोरात, की व्हार्निशला चीर गेली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल, चहाचे कपही खुशाल ठेवा. पण एखादी वस्तू घडवलीत, तर ती कशासाठी घडवली एवढं तिला खरं सांगा. तिला त्याच कामाला लावा. नाहीतर ती माझ्यासारखी जन्मभर चाचपडत राहते.

मग दौलतरावांनी छडी उचलली. सिद्धेशकडे न बघता, स्वरूपाकडे बघत ते बोलले.

"पोरी, या बंदरात टर्मिनल व्हावं असं माझ्या मनात कधी नव्हतंच. हे मांडून ठेवलं की माल दुसऱ्या वाटंनं जाईल म्हनून ट्रकवाले घाबरायचे, आन् भाडं उतरवायचे." त्यांनी छडी बाजूला ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "उतरायचं ते माझं. तुझं कधी उतरलंच न्हाई."