सावलीतला गोविंदा

रुपरावांनी आयुष्यात हजारो माणसांचे फोटो काढले. पण जिनिंगमधल्या गोविंदाचा चेहरा त्यांनी काढला तो कॅमेऱ्याने नव्हे, पेन्सिलने. ही गोष्ट त्यांनी अठरा वर्षं कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

झालं होतं असं. १९६६ सालच्या जानेवारीत सावनेरजवळच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाला आपल्या चौऱ्याऐंशी कामगारांचा, सगळ्या आवारासकट, एकच लांबलचक फोटो हवा होता. नागपुरातल्या दोघा फोटोग्राफरांनी जागा पाहूनच हात जोडले. आवारात कापसाचे ढीग, त्यांवर लख्ख ऊन, आणि मागे टिनाची खोल शेड, तिच्या तोंडाशी मिट्ट सावली. कापूस नीट आला तर सावलीतली माणसं कोळसा होणार, माणसं आली तर कापसाचा कोरा कागद होणार. रुपरावांचा इतवारीतला स्टुडिओ तेव्हा नवा होता, वय बत्तीस, अंगात रग. "दोन्ही आणून दाखवतो," म्हणाले.

त्यांची युक्ती साधी होती, मेहनत मात्र गाढवाची. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे असा तीनदा वळवायचा आणि दर वेळी तीन काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, खर्ची घालायच्या. एक झटपट, कापसासाठी. एक मध्यम, उन्हातल्या माणसांसाठी. आणि एक चांगली दोन सेकंदांची, सावलीसाठी. अशा नऊ काचा झाल्या की अंधाऱ्या खोलीत बसायचं, पुठ्ठे कापायचे, नको तो भाग झाकत झाकत एकाच कागदावर एका काचेतून कापूस उतरवायचा, दुसरीतून माणसं, तिसरीतून सावली. शेवटी तीन कागद जोडून सांधा ब्रशाने बुजवायचा. "आपल्या डोळ्याले कापूस अन् सावली एकदमच दिसते ना गा? मंग फोटोतही दिसली पायजे," असं ते ज्याला त्याला ऐकवत.

"आता दोन सेकंद दम धरा गा, कोणी हलू नका!" रुपराव ओरडले. सावलीतल्या अकरा जणांपैकी दहा जणांनी ऐकलं. अकरावा गोविंदा, शेडच्या दाराशी उभा. नेमकी त्याच्या नाकात कापसाची रुई गेली आणि तो शिंकला.

काच धुतली तेव्हा गोविंदाच्या खांद्यांवर चेहऱ्याऐवजी नुसतं धुकं होतं. मध्यम काचेवर तो हलला नव्हता, पण तिच्यावर सावलीतलं सगळं इतकं पुसट, की उजेडात तिरकी धरली तरच नाकडोळ्यांचा भास व्हावा. त्या काचेशी आणखी झटलं असतं तर काही हाती लागलं असतं. पण मालकाने रविवारी पाहुणे बोलावले होते. रुपरावांनी पेन्सिलला टोक केलं आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत दोन डोळे, सरळ नाक, कमानदार भुवया काढून टाकल्या. चौऱ्याऐंशीतला एक चेहरा कोण बघतंय! मालक खूश झाला, गावात नाव झालं.

इथवर चलाखी म्हणून सोडून देता आलं असतं. पण मे महिन्यात गोविंदा तापाने चार दिवसांत गेला. त्याची बायको देवकी, सहा महिन्यांची गरोदर, सासूला हाताशी धरून स्टुडिओत आली. गोविंदाचा दुसरा एकही फोटो कुठे नव्हता.

"त्या लांब फोटोतलं त्यायचं तोंड मोठं करून द्या, भाऊ," ती म्हणाली.

सांगायची वेळ हीच होती. रुपरावांनी ती दवडली. त्यांनी चेहरा मोठा केला, त्यावर पुन्हा ब्रश चालवला, ओठ रेखले, नजर निवांत केली. कॅलेंडरवर शोभेल असा देखणा पुरुष तयार झाला. सासू रुखमाबाई डोळ्यांनी अधू. कागदाच्या गालावरून हात फिरवत "माहा गोविंदा, माहा गोविंदा" म्हणून ती पोटभर रडली आणि मग शांत झाली. देवकी मात्र फोटोकडे खूप वेळ बघत राहिली. मग तिने तो पदराखाली घेतला आणि सासूला घेऊन गेली. आपण सुटलो, असं रुपरावांना वाटलं. आपल्या कर्माला आपण काय काय नावं देतो!

१९८४ च्या नोव्हेंबरात एक पोरगी दुकानाच्या पायऱ्या चढून आली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्सचं शिकत होती, अंगावर तोच पांढरा वेष. मी गोविंदाची कौसल्या, म्हणाली. सासू गेल्यावर देवकी तिला घेऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहायला आली होती. आता कौसल्याचं लग्न ठरलं होतं, आणि मांडवात खुर्चीवर बाबाचा मोठा फोटो ठेवायचा होता. नवरा-नवरी आधी त्याच्या पाया पडणार होते.

"पण काकाजी, घरच्या फोटोवरून नका करू. तुमच्याजवळच्या काचेवरून करा."

"काहून?"

"सारे म्हणतात, हे पोरगी गेली कोणावर? मायवर नाई, बापावर नाई. मी रोज आरशात पाहते अन् मंग बाबाले पाहते. काहीच जुळत नाई." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मोठा केला तर नखभर तरी सारखेपणा दिसन ना?"

रुपरावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. या पोरीला बाप म्हणून आपण जे दिलं होतं, ते तिच्या हातून काढून कसं घ्यायचं? आणि नाही घेतलं तर ती आपल्या लग्नात एका पेन्सिलीच्या पाया पडणार. "आठ दिवसांनी ये बेटा, मायले घेऊन ये," ते म्हणाले.

नऊच्या नऊ काचा खोक्यात होत्या. पन्नाशीतल्या हातांनी त्यांनी ती मध्यम काच बाहेर काढली. छापखान्यातले लोक चित्रं छापायचे ब्लॉक करायला एक कडक फिल्म वापरतात, तिच्यावर पुसट रेघही काळीकुट्ट उठते. ती त्यांनी मागून आणली. काचेवरून फिल्म, फिल्मवरून पुन्हा फिल्म, असे सहा दिवस दुकान निम्मं बंद ठेवून ते दिवसाउजेडी अंधारात बसले. पाच वेळा नुसते डाग उठले. सातव्या दिवशी दुपारी ताटलीतल्या रसायनाखाली कागदावर आधी कपाळ आलं, मग रुंद नाक, मग एक भुवई, डावी, दुसरीपेक्षा जराशी वर चढलेली. फोटो खरबरीत होता, अर्धा गाल काळोखातच होता. पण तो माणूस होता. रुपरावांनी ब्रशाला हात लावला नाही. ते तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. देवकीचे केस पिकले होते. रुपरावांनी फोटो तिच्या हातात दिला.

देवकीने फोटो उजेडाकडे धरला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा कोण?"

"देवकीबाई, हा..."

"पुन्हा हातानं काढलं का भाऊ तुमी?" तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तवा काढलं ते मले त्याच दिवशी समजलं होतं. माणूस माहा होता. सासूबुडीचं रडणं थांबलं म्हणून मी गप राहिली. मंग हे पोरगी झाली, त्याच फोटोले बाबा म्हणायले शिकली. आता लग्नाच्या तोंडावर तिले तिसरा बाप नका दाखवू."

"माय?" कौसल्या म्हणाली. "म्हणजे घरचा फोटो..."

"तो मी काढला होता, पोरी," रुपराव म्हणाले. "पेन्सिलनं. चूक झाली अन् मी ती झाकली. तुह्या मायले फसवलं, तुलेही फसवलं. पण याच्यावर माहा हात लागला नाई. हा काचेवरचा हाये. शिंक यायच्या आधीचा. देवकीबाई, हाच गोविंदा."

देवकीने मान हलवली. नाही, नाही. तिने फोटो टेबलावर ठेवून दिला.

तो कौसल्याने उचलला. फोटो काढून घेण्याआधी गिऱ्हाइकं जिथे केस नीट करत, त्या आरशासमोर ती गेली आणि कागद गालाशी धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "माय, इकडे ये."

देवकी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. आरशात दोन कपाळं होती, दोन रुंद नाकं, आणि दोन्हीकडे डावी भुवई तेवढी वर चढलेली. देवकीने आधी पोरीकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा पोरीकडे. जवळच्या स्टुलावर ती बसली.

"रोज सकाळी त्या दुसऱ्याले फूल वाहून वाहून..." तिची नजर अजून आरशातच होती. "मी माह्याच माणसाचं तोंड इसरली वं, कौसल्या. डोळ्यासमोर आला अन् मी त्याले कोण म्हणून इचारलं."

आणि मग ती रडली, अठरा वर्षांपूर्वी या दुकानात सासू रडली होती तशी. रुपराव हात जोडून उभे होते. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

कौसल्या तिच्यापुढे जमिनीवर बसली. बापाला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने फोटो आईच्या मांडीवर ठेवला, तिचं बोट धरून त्या कागदावरच्या भुवईवरून फिरवलं आणि सांगत राहिली, "हेच बाबा आहेत, माय. पाह्य ना. हेच आहेत."