एकोणचाळीस नंबर हजर होती

साहेब, तुमच्या रजिस्टरात त्या बाईपुढे तुम्ही 'गैरहजर' लिहिलंत, ते धडधडीत खोटं आहे. ती हजर होती. गोळ्यांच्या खिडकीपासून सहा हातांवर, माझ्या शेजारी, बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. मी वेल्डर आहे, तुमच्याच केंद्राचा सात वर्षांचा एचआयव्हीचा पेशंट. शाळा सहावीत सुटली, पण डोळ्यांनी पाहिलेलं लिहिता येतं मला.

ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. आम्ही तिला काजवालीच म्हणायचो. नवरा याच रोगानं गेला, पण घरात तो काविळीनं गेला असं ठरलेलं. सासू, जाऊ, हिची आठ वर्षांची मुलगी आणि ही, सगळ्या एका खोलीत. रात्रीची गोळी घेतली की तिला भलभलती स्वप्नं पडायची, झोपेत बोलायची. एका सकाळी जाऊ हसत म्हणाली, "काल कुणाला गं विनवत होतीस, घरी सांगू नका म्हणून?" त्या दिवसापासून बाईनं झोपेचा धसकाच घेतला. तोंडात ओढणीचा बोळा धरून नुसती पडून राहायची.

तिनं तुमच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. मी दाराशीच उभा होतो.

"झोप येत नाही, डॉक्टर."

"मोबाईल कमी बघत जा."

"माझा बटणांचा फोन आहे."

"मग विचार कमी करा. गोळी चुकत नाही ना? झालं तर मग. पुढचा."

कार्डावर गोळ्यांचा रकाना आहे, वजनाचा आहे. झोपेचा नाही.

त्या दिवशी ती बाकावर टेकली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. पलीकडे न्हावी बसला होता, तोही आमच्यातलाच. म्हणाला, "वेल्डरभाऊ, कारखाना सुरू झाला बघ." मग ती बडबडू लागली. रोगाचं नाव घेतलं, मेलेल्या नवऱ्याला चार शिव्या हासडल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही. त्या बाकावर कोण कुणापासून काय लपवणार?

खिडकीतून हाक आली, "एकोणचाळीस." चिठ्ठी तिच्या मुठीत होती, आकडा मला दिसत होता. मी हात पुढे केला तर न्हाव्यानं माझं मनगट धरलं.

"राहू दे रे. किती दिवसांनी डोळा लागला असेल, तुला काय सांगायचं?"

दुसरी हाक झाली. तिसरी झाली. कुणीच तिला हलवलं नाही. साहेब, ज्यांच्या रात्री छताकडे बघत जातात ती माणसं झोपलेल्याला उठवत नाहीत. वाटलं, उठली की घेईल गोळ्या.

उठली तेव्हा खिडकी बंद झाली होती. तिनं काच वाजवली. "मी इथंच होते हो."

"नंबर गेला. उद्या या."

उद्या कारखाना सुट्टी देणार नव्हता. सुट्टी चार दिवसांवर होती. तरी आमच्यावर चिडली नाही. "बरं वाटलं पण," एवढंच म्हणून गेली.

तिसऱ्या दिवशी तुमचा माणूस केंद्राचं नाव छापलेली पिशवी खांद्याला लावून तिच्या घरी पोचला. ती कामावर होती. दार जावेनं उघडलं. "एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला का आल्या नाहीत त्या?" हे त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं, शेजारणींच्या देखत. संध्याकाळी ती परतली तर तिचे कपडे बाहेर काढून ठेवलेले. मुलगी आत होती. आतच राहिली.

हे सगळं तिनं न्हाव्याच्या दुकानाच्या दारात उभ्यानं सांगितलं. बस म्हटलं तर बसली नाही. त्यानंतर कारखान्यात नाही, फोन बंद. दोन महिने झाले, गोळ्या न्यायला आलेली नाही. न्हावी आता बाकावर कुणाची मान कलंडली की हलवून उठवतो, आणि मग दुसरीकडे तोंड करून बसतो.

मी तिला उठवलं नाही, हा माझा गुन्हा. सही करून देतो. पण उंबऱ्यावर रोगाचं नाव मी घेतलं नव्हतं. तो माणूस कुणाच्या हुकमानं गेला? दारात काय बोलायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलं होतं का? आणि एका चुकलेल्या नंबरासाठी तिसऱ्या दिवशी घर शोधणारे तुम्ही, दोन महिने तिला का शोधत नाही? लेखी उत्तर द्या.