बेगमसाहेबांचा फरकोट

“केस आत?” गुलशनबेगम आरशासमोरून म्हणाल्या. “सगीराबी, फर आतल्या बाजूला शिवली तुम्ही?”

“ऊब अंगाला पायजे ना, बेगमसाब,” सगीराबी म्हणाली.

हिंग विकायला येणाऱ्या काबुली लोकांचे मेंढीच्या कातड्याचे कोट तिने जन्मभर सांधले होते. त्यांची लोकर आतच असते. केस बाहेर काढून हिंडायचं ते जनावरांनी, असा तिचा साधा हिशेब. पण बेगमना थंडीशी काही कर्तव्य नव्हतं. चैत्र चांगला तापला होता. इंग्रजी बोलपटातल्या मडमांचा थाट त्यांना सुभेदारांच्या घरच्या दावतीत करायचा होता, आणि त्यासाठी घामाघूम व्हायची त्यांची तयारी होती.

“आज माझ्यासंगं शिनेमाला चला,” बेगम म्हणाल्या. “ डोळ्यानं बघा. तरी नाय जमलं, तर हा कोट मास्टरकडं जाईल, आन् पुढचे कपडेबी.”

सगीराबीने कोट उतरवून घेतला. पूर्वी पडद्यातल्या बायकांचं माप घ्यायला बाईच लागे. आता जुना कुडता नमुन्याला बाजारात पाठवला की मशीनवाला मास्टर त्यावरून नवा शिवून देई. एकेक घर सुटत गेलं आणि हे एवढं उरलं. तेही गेलं तर खायचं काय, या विचाराने ती पार थकून गेली होती.

थिएटरात दिवे गेल्यावर बायकांच्या बाकांपुढचा जनान्याचा पडदा सरकला. बाकीच्या बायका रडल्या, हसल्या. सगीराबी नुसत्या शिवणी बघत होती. बोलपटातली मडम दिवाणखान्यात आली. मागे न बघताच तिने खांद्यांवरचा कोट सोडून दिला. तो जमिनीवर पडला आणि ती सरळ पुढे निघून गेली. कुणी तो उचललाही नाही. सगीराबीला फार वाईट वाटलं.

“बघितलं?” बेगम कुजबुजल्या.

“व्हय. केस भायेर, आन् खालच्या अंगाला वळवलेत.”

घरी येऊन तिने सगळा कोट उसवला आणि केस बाहेर घेऊन पुन्हा शिवला. कातडं जाड, सुई शिरता शिरेना, डोळ्यांतून पाणी गळे. दावतीच्या दुपारी तिने तो बेगमच्या खांद्यांवर टाकला. बेगम कितीतरी वेळ आरशात बघत राहिल्या.

“लई खास. आता आमचे सगळे कपडे तुम्हीच शिवायचे.”

सगीराबीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बेगमनी मान ताठ केली, खांदे सैल सोडले आणि त्या आरशाकडे चालत गेल्या. कोट फरशीवर पडला.

सगीराबी गुडघ्यावर हात टेकून वाकली. तिने तो उचलला, झटकला, केस हाताने सारखे केले.

“त्या मडमेसारखं नाय झालं,” बेगम म्हणाल्या. “परत खांद्यावर टाका.”

तिने परत टाकला. या वेळी मात्र ती मागे सरली नाही. दोन्ही हात पुढे पसरून ती बेगमच्या पाठीशी तशीच उभी राहिली.