हुंकारापुरती जागा

सिद्धू नकाशासमोर उभा राहिला, हातातली छडी त्यानं कराडवर टेकवली आणि गप्प झाला. मी आणि नानासो त्याच्या मागं उभे होतो. आमचं बोलून झालं होतं. समोर वर्गातली चाळीस पोरं बसलेली, सगळे उद्याचे मास्तर. छडी कराडवरनं हलेना तसं कुणीतरी फिस्सकन हसलं. सिद्धूनं छडी ठेवली आणि जागेवर जाऊन बसला.

"ही तालीम होती म्हणून सोडतो," गुरुजी म्हणाले. "शनिवारी खरा पाठ. तिघांचा मिळून एक. एक अडला की तिघंही नापास. आणि ज्याला चार माणसांपुढं बोलता येत नाही, त्यानं मास्तरकीचा नाद सोडून घरी जावं."

महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. आम्ही साताऱ्यात मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो. आमच्या पाठाचा विषय कृष्णा नदी. कराड ते सांगली हा तुकडा सिद्धूच्या वाट्याला आलेला. आता मी मलकापूरचा, कराड माझ्या उंबऱ्याला लागून. झोपेतून उठवलं असतं तरी मी तो तुकडा म्हटला असता. पण विचारतो कोण? सिद्धू आटपाडीकडच्या मेंढपाळाचा पोरगा. बारा महिने वाहणारं पाणी त्यानं पाहिलं ते साताऱ्यात आल्यावरच.

बाहेर आल्यावर नानासो तापला. "ह्येच्यापायी आमी बुडायचं व्हय? ह्येचा तुकडा मी बोलतो."

"माझं मी बोलनार," सिद्धू म्हणाला.

"कवा? नदी आटल्यावर?"

"शनवारी."

संध्याकाळी मी त्याला कृष्णेकाठी माहुलीच्या घाटावर नेलं. माझे थोरले भाऊ पलटणीतून परतलेले, त्यांचा सल्ला मी त्याला दिला. "भ्या वाटलं की डोळ्यांकडं बघायचं न्हाई गड्या. टोपीकडं बघायचं."

"बघितलं की. टोप्याच लय हुत्या."

मी हसलो. तो हसला नाही. पायरीवरची माती नखानं खरवडत बसला.

"हंबीरराव, ती सगळी गप बसत्यात रं. आमच्यात सांगनाऱ्याला कुनीतरी हूं देतंय. हूं आल्याबिगर म्होरं जायाचंच न्हाई. मेंढरं बसली की मी कायबाय सांगायचो. आई लोकर कातत हूं द्यायची. मधीच म्हनायची, बरं, मग? हितं कुनी मग म्हनतच न्हाई."

"एवढंच हाय व्हय? मी देतो की हूं. सांग."

आणि हा पठ्ठ्या सुटला. मी हूं म्हणायचा अवकाश, त्याची नदी पुढं निघालीच. रोज संध्याकाळी आम्ही घाटावर बसायला लागलो. हूं म्हणून म्हणून माझी मान दुखायला लागली, पण मी मनातून लय खूष होतो. ह्याला बोलता मी केला, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी नानासोनं पाणी ओतलं. "आरं, वर्गात मागनं हूं हूं केलंस तर गुरुजी तुलाच भाईर काढतील."

खरंच होतं.

"मनातल्या मनात दे," सिद्धू मला म्हणाला. "मी तेवढ्यापुरता थांबतो."

शनिवारी मी बोललो, नानासो बोलला, आणि सिद्धू पुढं झाला. त्यानं छडी कराडवर टेकवली.

"कराडला कोयना कृष्णेला येऊन मिळते," तो म्हणाला आणि थांबला.

मी मागून मनात जीव तोडून हूं म्हटलं. सिद्धू थांबलेलाच. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. गुरुजींनी मान वर केली. बोंबललं सगळं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात सिद्धूनं मान जराशी कलती केली आणि पुढं बोलायला लागला. भिलवडी आली, औदुंबर आलं. प्रत्येक वाक्याला तो थांबत होता, मान कलती करत होता. आणि मधेच त्यानं तालमीत नव्हतंच ते काढलं.

"माझ्या गावाला नदी न्हाई. म्हणून ही मी लय बघून घेतली."

"न्हाई" ऐकून दोघं-तिघं हसले. त्यांचं हसून होईपर्यंतही तो थांबला. मग नदी सांगलीला पोचवून त्यानं लगतच्या हरिपूरला वारणा मिळवली आणि छडी खाली ठेवली.

"तिघंही पास," गुरुजी म्हणाले. "सिद्धू, थांबतोस छान. ऐकणाऱ्याला जागा द्या म्हणून मी वर्षभर घसा फोडतोय. तुला कुणी शिकवलं?"

मी टोपी सारखी केली.

"आईनं," सिद्धू म्हणाला.

"आई शाळेत शिकवतात?"

"न्हाई जी. मेंढरं राखायची. माघात गेली."

गुरुजींनी स्वतःच उठून नकाशा गुंडाळला.

संध्याकाळी नानासो कंदी पेढे घेऊन घाटावर आला. त्याची तीच माफी होती. पेढा खाता खाता मी सिद्धूला म्हणालो, "मर्दा, मला वाटलं तू माझ्या हुंकारासाठी थांबतोयस."

"पयल्यांदा तुझीच वाट बघितली रं. तुझा काय आला न्हाई. तिचा आला."

"परत सांग की सगळं," मी म्हणालो.

तो नदीकडं बघत सांगायला लागला. कराडला कोयना येऊन मिळाली, आणि तो थांबला. सवयीनं माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. नानासोनंही पेढा चघळायचं थांबवलं. थोड्या वेळानं सिद्धूनं मान हलवली आणि पुढं सांगायला लागला.