एकच जागा शिल्लक

बाबांच्या दुकानाची वेबसाइट तिनेच सुधारली होती, आणि खरं सांगायचं तर चांगली सुधारली होती. तळाशी तोंड लपवून बसलेला फोन नंबर वर आणला, चौदा रकान्यांचा अर्ज तीनवर आणला. तरी रोज शंभरेक माणसं बघून जायची आणि माप द्यायला दोन आली तर डोक्यावरून पाणी. तिचे बाबा एक पाय आखूड असलेल्यांसाठी बूट बनवायचे. हातात कसब होतं, पण स्वतःचा डांगोरा पिटणं त्यांच्या गावीही नव्हतं. उलट गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे, "पहिले आठ दिवस चावेल हं." अशा माणसाच्या दुकानाला महिनाअखेर कुलूप लागायची वेळ आली होती.

म्हणून तिने एक ओळ टाकली: 'आज मापासाठी एकच जागा शिल्लक.' रोज तीच ओळ, रोज एकच जागा. बाबांना विचारलं नाही. ते नको म्हणणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा धापा टाकत आत शिरले. मागून काठी टेकत आजी, केससुद्धा न विंचरलेले.

"जागा गेली नाही ना हो? चहा तसाच टाकून निघालो. हिला जिन्यावरून अक्षरशः ओढत आणलं."

मग त्यांची नजर चार रिकाम्या खुर्च्यांवरून फिरली. बाबांनी त्यांच्या हातातल्या फोनवरची ओळ वाचली आणि एकदाच लेकीकडे पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सकाळचे लोक आटोपले," बाबा म्हणाले. "शेवटची जागा तुमचीच."

सकाळपासून कुत्रंही फिरकलं नव्हतं. बाबांना खोटं बोलताना तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही तिच्यापायी. माप घेताना त्यांनी मान वर केली नाही.

जोडपं आभार मानत गेलं. ती पुटपुटली, "चुकलं माझं, बाबा. आत्ता काढते ती ओळ."

"काढ. पण आज दुसऱ्या कोणाचं माप घ्यायचं नाही. मी त्यांना शेवटची जागा म्हणालोय."

दुपारी फोन वाजला. एका बाईला मुलासाठी आजच यायचं होतं.

तिने बाबांकडे पाहिलं. ते रिकाम्या दुकानात, हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते.

"आज जागा नाही," ती म्हणाली. "उद्या या. उद्या कधीही या."